सूनुस म्हणजे सून नव्हे

लिथुआनियातल्या कौनास शहरात, त्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एका मिशाळ माणसाचा फोटो मॅग्नेटने अडकवलेला होता. घरमालकीणबाईंनी त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "मानो सूनुस." मी फोटो पाहिला. मिशा चांगल्या झुपकेदार. पुन्हा बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. माझ्या कानाने त्यातलं 'सून' तेवढं उचललं होतं, त्यामुळे काही क्षण काय बोलावं तेच सुचेना.

मग उजेड पडला. पुत्र, सुत, तनय, सूनु. शाळेत समानार्थी शब्दांत घोकलेला, परीक्षेपुरता वापरलेला आणि पुढे उभ्या आयुष्यात कुणाच्याही तोंडून न ऐकलेला सूनु. आपल्याकडे तो पोथीत जाऊन बसला. इथे नेमुनास नदीच्या काठी तो बाजारहाट करत होता, रविवारी आईला फोन करत होता, आणि शेवटी विसर्गाच्या जागी मूळचा 'स' अजून बाळगून होता.

लिथुआनियात मी गेले ती भाचीच्या सोबतीला. ती तिथे डॉक्टरकी शिकते. पहिला हिवाळा जवळ आला तशी घाबरली, म्हणून मी ऑक्टोबरात सहा आठवडे जाऊन राहिले. घरमालकीणबाई पंचाहत्तरीच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला लिथुआनियन येत नाही. दोघींना येणारी एकच भाषा, रशियन. मी ती हौसेने शिकलेली, त्यांना ती शिकावी लागलेली. हा फरक पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आला नव्हता.

रशियन मी शिकले पुण्यात, १९८०च्या दशकात, नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला. सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं लागायची, पाच-सात रुपयांत पक्क्या बांधणीचं पुस्तक मिळायचं, आणि त्या कागदाला एक वेगळाच वास असायचा. माझं लग्न नुकतंच झालं होतं. घरात सासू-सासरे, दोन दीर, एक जाऊ आणि एक नणंद. खेड्यातल्या कुटुंबाची एक जुनी गोष्ट वर्गात वाचत असताना 'देवेर' असा शब्द आला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हा शब्द आता शहरातल्या रशियन मुलांनाही समजावून सांगावा लागतो, ते सरळ 'नवऱ्याचा भाऊ' म्हणतात. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "म्हणजे दीर." बाई थांबल्या. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर माझं अख्खं सासर मांडलं.

सासरा, स्व्योकर. सासू, स्वेक्रोव्ह. दीर, देवेर. सून, स्नोखा. आणि आता कोशातच उरलेला यात्रोव्ह, म्हणजे दिराची बायको. जाऊ! संस्कृतात श्वशुर, श्वश्रू, देवृ, स्नुषा, यातृ. नणंद तेवढी कशातच बसली नाही. संस्कृतातली ननान्दृ वेगळी, रशियातली 'झोलोव्का' वेगळी, आणि लिथुआनियातली 'मोशा' तिसरीच. रशियात झोलोव्काला सापाच्या डोक्याची उपमा देणारी म्हण आहे असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या आम्ही तिघी लग्न झालेल्या बायका जरा जास्तच हसलो. घरी जाऊन मात्र यातलं काही बोलले नाही.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की हा योगायोग नाही. बेर्थोल्ड डेलब्र्युक नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८९ साली संस्कृत, रशियन, लॅटिन अशा या एकाच कुळातल्या सगळ्या भाषांमधली नात्यांची नावं एकत्र मांडली. त्यात दिसलं ते असं: नवऱ्याकडच्या माणसांना बायको ज्या नावांनी ओळखते, ती नावं युरोपपासून भारतापर्यंत जुळतात. बायकोच्या माहेरच्यांना नवरा काय म्हणतो, ते तितकंसं जुळत नाही. म्हणजे पाच-सहा हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा गवताळ मैदानावर कुणी मुलगी बैलगाडीत बसून सासरी जात होती, आणि पोचल्या पोचल्या तिला कोण कोणाचं कोण हे पाठ करावं लागत होतं. मेहुण्याचं नाव पाठ करण्याची घाई त्या काळीही कुणाला नव्हती.

स्नोखातला 'ख' आणि स्नुषेतला 'ष' यांची गोष्ट तर मला फार आवडते. संस्कृत शिकताना आपण 'लतासु' म्हणतो पण 'देवेषु' म्हणतो, आणि गुरुजी सांगतात म्हणून मुकाट्याने तो 'ष' लिहितो. र, उ, क, इ यांच्या मागोमाग आलेला 'स' आपली जागा बदलतो, असा तो नियम. संस्कृतात त्याचा 'ष' झाला. स्लाव्ह लोकांच्या, म्हणजे रशियन-पोलिश वगैरे बोलणाऱ्यांच्या, तोंडात तोच 'स' नेमक्या त्याच जागी मागे सरकत सरकत 'ख' झाला. 'वृकेषु', म्हणजे लांडग्यांमध्ये, हे रूप जुन्या स्लाव्हमध्ये 'व्ल्त्सेख'सारखं ऐकू येतं. आपण मात्र प्राकृतातून येता येता स्नुषेची 'सुण्हा' केली आणि तिची सून करून मोकळे झालो. नियम सोडायचे कुठे? सासूपाशी. श्वश्रूमधल्या 'श'च्या जागी रशियनमध्ये 'स' यायला हवा होता, जसा शतम्च्या जागी 'स्तो' आला. पण स्वेक्रोव्हमध्ये 'क' ठाण मांडून बसला आहे. विद्वानांनी त्यावर स्पष्टीकरणं दिली आहेत. सासू नियमाला जुमानत नाही, हे माझं स्पष्टीकरण त्यांच्यापेक्षा सोपं आहे.

कौनासच्या पहिल्या आठवड्यातच मी उत्साहाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सूनुस'ची बातमी टाकली. दोन मिनिटांत धाकट्या भाऊजींचा फॉरवर्ड आला: रशियन, लिथुआनियन, जर्मन या सगळ्या संस्कृतच्या मुली आहेत, जगाने आता मान्य केलं आहे, वगैरे. (तोंडावर भाऊजी, लिहिताना दीर.) मी त्यांना लिहिलं, चार मोजून बघा. लिथुआनियनमध्ये चाराला 'केतुरि' म्हणतात. संस्कृतात चत्वारः, आपल्याकडे चार, रशियनमध्ये चितीरे. मुळात तिथे 'क' होता, लॅटिनमध्येही तो दिसतो. पुढच्या स्वरामुळे 'क'चा 'च' होणं ही रोजची गोष्ट, पण झालेला 'च' पुन्हा 'क' होऊन माघारी येत नाही. शंभराला तिथे 'शिम्तस' म्हणतात. त्यात एक 'म' आहे. संस्कृतच्या 'शत'मधून तो अनुनासिक कधीच गळून गेला होता, आणि आईने हरवलेला दागिना मुलीकडे वारशाने येईल कसा? उलटही आहे. धूम तिथे 'दूमाइ' आहे. ध, भ, घ हे आपले जोरकस उच्चार त्यांनी टाकून दिले. नपुंसकलिंगी नामंही टाकली. रशियनने ती ठेवली, आणि मराठीनेही तो-ती-ते ठेवलं. ही सगळी चुलत भावंडं आहेत, एकाने तांब्या जपला, दुसऱ्याने पाट. भाऊजींनी यावर अंगठा दाखवला आणि संध्याकाळी तोच फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाकला.

लिथुआनियनची ही श्रीमंती खऱ्या अर्थाने मनावर घेतली ती ऑगस्ट श्लाइखर या जर्मन पंडिताने. १८५२ साली तो तेव्हाच्या प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन राहिला, शेतकऱ्यांचं बोलणं, गाणी, म्हणी कानांनी टिपल्या, आणि १८५६-५७ मध्ये दोन भागांत व्याकरण आणि वेचे छापले. भाषांचा वंशवृक्ष काढायची पद्धत रूढ केली तीही त्यानेच. त्या झाडावर लिथुआनियन आणि स्लाव्ह एकाच फांदीला होत्या.

आणि इथेच मी त्या स्वयंपाकघरात माती खाल्ली.

बाई बीट किसत होत्या. मी सहज, शिकलेलं दाखवायला, म्हटलं: तुमचा हात 'रांका', रशियन 'रुका'. तुमचं डोकं 'गाल्वा', रशियन 'गोलोवा'. तुमचा कावळा 'वार्ना', रशियन 'वोरोना'. किती जवळ आहे ना? किसणी थांबली. "रशियनशी आमच्या भाषेचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. रशियनमध्येच म्हणाल्या. मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "संस्कृतशी आहे. ते आम्हाला शाळेत सांगायचे."

मला हसू आलं नाही. दूरदेशीचा नातलग सगळ्यांनाच गोड लागतो. बांधाला बांध लागलेल्या भावकीशी कोण नातं सांगतं?

त्या रात्री बाईंनी कपाटातून एक कापडात गुंडाळलेलं प्रार्थनेचं पुस्तक काढून दाखवलं. त्यांच्या पणजोबांचं. कोपरे झिजलेले, पानं मेणाच्या डागांनी पिवळी. रशियाविरुद्धचा १८६३चा उठाव चिरडल्यावर झारच्या सरकारने १८६४ पासून लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. छापायचं तर रशियन लिपीत छापा, असा हुकूम. लोकांनी ती पुस्तकं हातात धरली नाहीत. सीमेपलीकडे, प्रशियातल्या टिल्झिट वगैरे गावांत, लिथुआनियन पुस्तकं छापली जायची आणि माणसं ती रात्री पाठीवर बांधून, पहारे चुकवून आणायची. 'क्निगनेशिस' म्हणायचे त्यांना, पुस्तकं वाहणारा. सापडला तर तुरुंग नाहीतर सैबेरिया. काही पुस्तकांवर मुद्दाम बंदीच्या आधीचं साल छापलेलं असायचं, म्हणजे पोलिसाला म्हणता येतं, हे तर आजीच्या वेळचं आहे. १९०४ साली बंदी उठली. चाळीस वर्षं. नंतर सोव्हिएत राजवट आलीच. एवढं सोसलेल्या बाईला मी बीट किसता किसता सांगत होते, की तुमची भाषा त्यांच्या भाषेची सख्खी बहीण आहे.

विद्वानही यावर शांत डोक्याने भांडले असं नाही. फ्रान्सच्या आंत्वान मेयेने १९०८ साली म्हटलं, एकच फांदी वगैरे काही नाही, दोघी मुळापासून वेगळ्या, फक्त समांतर वाढल्या. लॅटव्हियाच्या यानिस एन्झेलिन्सने १९११ मध्ये मधला रस्ता काढला: आधी वेगळ्या झाल्या, मग शेजारामुळे पुन्हा जवळ आल्या. १९५८ साली इवानोव आणि तोपोरोव या रशियन जोडीने तर स्लाव्ह हीच मुळात बाल्टिक (लिथुआनियन-लॅटव्हियनच्या गोतातल्या) बोलींच्या कडेची एक बोली, असं मांडून सगळाच डाव उलटा केला. आज बहुतेक अभ्यासक एक सामायिक बाल्टो-स्लाव्ह टप्पा मानतात, आणि मलाही ते पटतं. मला पटवलं ते नऊ या आकड्याने. संस्कृत नव, लॅटिन नोवेम, सगळीकडे 'न'. फक्त लिथुआनियन 'देविनि', लॅटव्हियन 'देविनि' आणि रशियन 'देव्यत्' इथे 'द'. का? पुढे दहा उभा आहे म्हणून: 'देशिम्त', 'देस्यत्'. नऊ-दहा, नऊ-दहा असं मोजता मोजता दहाच्या 'द'ने नवाला आपल्याकडे ओढून घेतलं. अशी बारीकशी चूक दोन शेजारघरांत आपापली होईल, यावर माझा विश्वास बसत नाही. ही एकाच अंगणात झालेली चूक आहे.

मग त्या एकमेकींना ओळखूही येईनाशा कशा झाल्या? त्याचं उत्तर बरंचसं स्लाव्हच्या पायांत आहे. सहाव्या शतकापासून स्लाव्ह लोक बाल्कनपर्यंत, जर्मनीतल्या एल्ब नदीपर्यंत, उत्तरेला नोव्हगोरोदपर्यंत पसरत गेले. आणि पसरताना त्यांच्या भाषेला एक ध्यास लागला: अक्षर व्यंजनावर संपता कामा नये. सूनुसचा 'स' गेला, उरला स्वर, तोही झिजून शेवटी रशियन 'सिन'. रांकामधला 'न' स्वराच्या नाकात शिरला. पोलिश 'रेंका'त तो अजून नाकात आहे, रशियन 'रुका'त तोही नाही. गाल्वामधला 'ल' अडचणीचा झाला, तेव्हा रशियनने मध्ये स्वर घालून गोलोवा केलं, पोलिशने उलटं करून ग्वोवा, चेकने ह्लावा. हीच गत गावाच्या नावाची. लिथुआनियनमध्ये 'गार्दस' म्हणजे कुंपण, आवार. रशियन गोरोद, बेलग्रेडमधला ग्राद, प्राग शहरातला ह्राद. आपलं गृह आणि घर त्याच कुंपणातले.

८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ आजच्या चेक प्रदेशातल्या मोराव्हियाच्या राजाच्या बोलावण्यावरून धर्मग्रंथ घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीजवळची स्लाव्ह बोली लिहायला एक नवी लिपी बनवली होती. ती बोली हजार किलोमीटरवरच्या मोराव्हियात लोकांना कळली. म्हणजे तोवर स्लाव्ह जवळजवळ एकच भाषा होती. आज त्या एकीच्या डझनावर भाषा झाल्या आहेत आणि तीस कोटींच्या वर माणसं त्या बोलतात.

लिथुआनियन मात्र जंगलात आणि दलदलीत मागे राहिली. एकेकाळी या लोकांचं राज्य काळ्या समुद्रापर्यंत पोचलं होतं, पण दरबारात लिहायचे ते स्लाव्हमध्ये. १५२९चा त्यांचा प्रसिद्ध कायदाही स्लाव्हमध्येच. पहिलं छापील लिथुआनियन पुस्तक १५४७चं, मार्तिनस माझ्वीदसचं धर्मप्रश्नोत्तरांचं, तेही प्रशियातल्या केनिग्सबर्गला छापलेलं. त्याच्या सुरुवातीला पुस्तकच बोलतं: भावांनो, बहिणींनो, मला घ्या आणि वाचा. सिरिल-मेथोडियसनंतर जवळजवळ सातशे वर्षांनी. लिहिणाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, म्हणून ती चुलीजवळ आपल्या चालीने बोलली जात राहिली. दिएवस, दिएवो, दिएवुइ, दिएवां, दिएवु... सात विभक्ती अजून रोजच्या वापरात. आपण 'स-ला-ते' पाठ करून विभक्ती फक्त नावाला ठेवल्या. आज अख्ख्या लिथुआनियाची वस्ती एकट्या पुणे शहरापेक्षा कमी आहे.

बाल्टिक एकेकाळी किती लांबवर होत्या ते नद्या सांगतात. १९६२ साली तोपोरोव आणि त्रुबाचोव यांनी वरच्या नीपर खोऱ्यातल्या नद्या-ओढ्यांची नावं तपासली, तर शेकडो नावं बाल्टिक निघाली. ज्या ११४७ सालाच्या नोंदीत मॉस्कोचं नाव पहिल्यांदा येतं, त्याच सालात प्रोत्वा नदीवरच्या गोल्याद नावाच्या लोकांवर स्वारी केल्याचीही नोंद आहे. ते बाल्टिक लोक. मॉस्कोपासून फार लांब नव्हे. पुढे ते स्लाव्हमध्ये विरघळले.

सगळ्यात जीव लागतो तो प्रशियनला. प्रशिया म्हटलं की आपल्याला जर्मन शिस्त, बूट, शिरस्त्राण आठवतं. पण मूळचे प्रशियन बाल्टिक होते. तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांनी त्यांना जिंकलं, जमीन घेतली आणि शेवटी नावही घेतलं. भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७०९ ते १७११च्या प्लेगच्या आसपास, संपली. मागे उरलं ते आठशेएक शब्दांची एक जुनी यादी, १५४५ आणि १५६१ मध्ये छापलेली तीन धर्मपुस्तकं, आणि किरकोळ तुकडे.

त्यातला एक तुकडा बाझेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जाड लॅटिन हस्तलिखितात सापडला, १९७४ साली, स्टीफन मॅक्लस्की या अभ्यासकाला. हस्तलिखित १३६९चं. कुणा लेखनिकाने की विद्यार्थ्याने पानाच्या तळाशी दोन ओळी खरडल्या होत्या. कुठल्याही बाल्टिक भाषेतलं आज हाती असलेलं हे सगळ्यात जुनं वाक्य. देव नाही, राजा नाही, दानपत्र नाही. अर्थ साधारण असा: चिअर्स, साहेब! प्यायला हवं, पण दमडी काढायला नको, तर तू काही चांगला दोस्त नव्हेस. 'कोयते पोयते, निकोयते पेनेगा दोयते.' पोयतेमध्ये आपलं 'पा', पिणं. दोयतेमध्ये 'दा', देणं. एक अख्खी भाषा मेली आणि तिच्यातून आपल्यापर्यंत पोचलं काय, तर एका फुकट्याचा उद्धार. त्या दोस्ताने पुढे पैसे दिले की नाही, याची मला उगाचच काळजी वाटते.

ही गोष्ट मी बाईंना सांगितली. त्या हसल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसले. "दिएवे मानो," म्हणाल्या. देवा रे! मग काळ्या राय-पावाचा जाड तुकडा कापून माझ्या ताटलीत टाकला आणि म्हण म्हटली: "दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस." देवाने दात दिले, तो पावही देईल. दिएवस, दांतिस, दुओना. देव, दन्त, आणि धाना, म्हणजे धान्याचे भाजलेले दाणे. मी म्हटलं, आमच्याकडे चोच दिली तो चाराही देतो. चोच कशी, ते बोटांनी करून दाखवावं लागलं.

निघायच्या आदल्या रात्री धाकट्या जावेचा व्हिडिओ कॉल आला. बाई मागे भांडी पुसत होत्या. कोण म्हणून विचारलं. मी रशियनमध्ये सांगितलं, नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. रशियनचा जुना शब्द मुद्दाम घेतला नाही, एकदा शहाणपण आलं होतं. बाईंनी फडकं खांद्यावर टाकलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येंते." हा शब्द त्यांनी आजीच्या तोंडून ऐकला होता, आता कुणी म्हणत नाही. किराणाच्या यादीच्या मागे तो लिहूनही दाखवला. पहिलं अक्षर इंग्रजी 'जे'सारखं. ते 'ज' लिहितात आणि 'य' म्हणतात. आपण यातृमधला 'य' घेतला आणि त्याचा 'ज' केला.

बाई फोनच्या अगदी जवळ आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "येंते! येंते!"

"वहिनी, काय म्हणतायत हो त्या?" तिकडून आवाज आला.

"तुला जाऊ म्हणतायत," मी म्हटलं.

"कुठे जाऊ?"